मागचं चाक, पुढचं चाक आणि मुंबईचा पाऊस

कॅनडात किंवा मिशिगनमध्ये राहायला गेलेल्या मराठी घरांत पहिली गाडी घ्यायची वेळ आली की एक प्रश्न हमखास निघतो. बर्फात कुठली गाडी बरी, पुढच्या चाकांवर चालणारी की मागच्या? तिकडची जुनी मंडळी सांगतात की पुढच्या चाकांची घ्या. मागच्या चाकांची घेतलीत तर डिकीत वाळूची पोती टाका आणि चारही चाकांना हिवाळी टायर लावा. हा सल्ला अंधेरी-बोरिवलीत बसून ऐकताना गंमत वाटते. सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश सेल्सियस, २२ जानेवारी १९६२ या दिवशीचं. म्हणजे मुंबईकरांना कपाटातले स्वेटर शोधावे लागले असतील, पण रस्त्यावर बर्फ धरण्याचा प्रश्नच नव्हता.

तरीही गाडीचं कुठलं चाक फिरवायचं या प्रश्नाशी मुंबईच्या उपनगरांचा संबंध देशातल्या बहुतेक शहरांपेक्षा जवळचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर इथे लोकल गाडीने एका दिवसात फिरून येण्यासारख्या अंतरावर तीन कारखाने होते. कुर्ल्यात मागच्या चाकांवर चालणारी मोटार बनायची. गोरेगावात पुढच्या चाकावर चालणारा टेम्पो बनायचा. आणि कांदिवलीत चारही चाकं फिरवू शकणारी जीप. तिन्ही गाड्या त्याच रस्त्यांवर, त्याच पावसात चालल्या. मग त्यांची रचना इतकी वेगळी का? बर्फाच्या देशात या प्रश्नाचं उत्तर बरंचसं हवामान देतं. आपल्याकडे ते कुणी दिलं, हे पाहण्यासाठी हा लेख.

आधी थोडा हिशेब

इंजिन गाडीला ढकलत नाही. ते चाक फिरवतं, आणि चाक रस्त्याला मागे रेटतं म्हणून गाडी पुढे जाते. चाक किती जोराने रेटू शकेल हे दोन गोष्टींवर ठरतं: त्या चाकावर किती वजन आहे आणि टायर व रस्ता यांच्यात घर्षण किती आहे. या दोहोंचा गुणाकार म्हणजे पकड. इंजिन त्याहून जास्त जोर लावू लागलं तर चाक जागच्या जागी फिरतं.

समजा माणसांसकट १२०० किलोची गाडी आहे आणि चढ विसात एक आहे, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तो चढायला साधारण ६० किलोचा रेटा लागतो. बर्फावर घर्षणाचा गुणांक ०.१ च्या आसपास असतो. इंजिन पुढे असलेल्या गाडीचं ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असेल, तर पुढच्या चाकांना ७२ किलोचा रेटा मिळतो आणि गाडी चढते. चालणारी चाकं मागची असतील आणि त्यांच्यावर ४० टक्केच वजन असेल, तर मिळतात ४८ किलो. गाडी तिथेच चाकं फिरवत उभी. डिकीतल्या वाळूच्या पोत्यांचं रहस्य एवढंच आहे.

आता तीच गाडी जुलै महिन्यात मुंबईत आणू. ओल्या डांबरावर, टायर थोडे झिजलेले धरले तरी, गुणांक ०.४ च्या खाली सहसा जात नाही. चढही दुप्पट करू, दहात एक. लागणारा रेटा १२० किलो. पुढच्या चाकांकडे आहेत २८८ आणि मागच्यांकडे १९२. दोन्ही गाड्या आरामात चढतात. चढावर वजन मागच्या चाकांकडे सरकतं असं आपण ऐकतो. ते खरं आहे, पण गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि दोन आसांमधलं अंतर २.३४ मीटर धरलं, तर या चढावर सरकणारं वजन २५ किलोच्या आसपास भरतं. मागच्या सीटवर बसलेली तीन माणसं त्याहून कितीतरी जास्त फरक पाडतात.

थोडक्यात, मुंबईचा पाऊस गाडी बनवणाऱ्याला कुठलंच चाक निवडायला भाग पाडत नाही. निवड मोकळी राहते. आणि जिथे निसर्ग निवड मोकळी सोडतो, तिथे ती माणसांच्या कारणांनी होते.

कुर्ला: मागचं चाक

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही उद्योगांचा भारतात पाया घालण्याची धडपड त्यांनी इंग्रजांच्या काळातच केली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या गोलमटोल नाकाडामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ११०० डी आली. हीच गाडी १९७० च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात मुंबईची ओळख बनली.

पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन पुढे उभं बसवलेलं. त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, शेवटी मागच्या आसावर डिफरन्शियल. मागचा आस अखंड आणि पाट्यांवर टेकलेला. टॅक्सीत मागे मधल्या जागी बसलेल्या प्रत्येक मुंबईकराला हा शाफ्ट पायांनी माहीत आहे. जमिनीतून वर आलेल्या उंचवट्याच्या दोन बाजूंना पाय ठेवून बसावं लागायचं, तो उंचवटा त्या शाफ्टसाठीच होता.

ही रचना कुणी मुंबईचा पाऊस पाहून ठरवली नव्हती. ती जशीच्या तशी ट्युरिनहून आली.

ट्युरिनची एक पेटलेली गाडी

फियाटची ही गाडी ज्याच्या देखरेखीखाली घडली तो अभियंता दान्ते जाकोसा. त्याच्या आधीची एक गोष्ट फियाटच्या इतिहासात सांगितली जाते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ओरेस्ते लार्दोने नावाच्या अभियंत्याने फियाटसाठी पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी तयार केली. चाचणीच्या वेळी खुद्द मालक जोव्हान्नी आन्येल्ली गाडीत बसले होते आणि गाडीने पेट घेतला. कुणाला इजा झाली नाही, पण लार्दोनेची नोकरी गेली आणि फियाटमध्ये पुढच्या चाकांचं नाव काढायचं नाही असा दंडक बसला. इंजिन पेटण्याचा आणि चाक पुढचं की मागचं याचा तसा काही संबंध नव्हता. पण मालकाचा धसका तर्काने चालत नाही.

त्याच दशकात जर्मनीत डीकेडब्ल्यू आणि फ्रान्समध्ये सित्रोएन पुढच्या चाकांच्या गाड्या विकत होत्या. जाकोसाला मात्र फियाटमध्ये मागच्या चाकांच्याच गाड्या कराव्या लागल्या. त्या काळातली तीच रूढ आणि खात्रीची पद्धत होती हेही खरं. इंग्लंडमध्ये १९५९ साली अ‍ॅलेक इसिगोनिसने मिनी आणली. इंजिन आडवं बसवायचं आणि पुढचीच चाकं फिरवायची, म्हणजे दहा फुटांच्या गाडीत चार माणसं नीट बसतात, हे त्याने दाखवलं. जाकोसाने पुढचं पाऊल टाकलं. १९६४ मध्ये आउटोबियांकी या फियाटशी संलग्न कंपनीच्या नावाने त्याने प्रिमुला ही गाडी काढली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या टोकाला एका रेषेत, आणि त्यामुळे दोन चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट कमी-जास्त लांबीचे. फियाटने स्वतःच्या नावावर हा धोका घेतला नाही. तो यशस्वी ठरल्यावर मग १९६९ ची फियाट १२८ आली. आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं बॉनेट उघडून पाहिलं तर आत जाकोसाची हीच मांडणी दिसते.

म्हणजे १९६४ या एकाच वर्षी जाकोसाची जुनी विद्या कुर्ल्यात ११०० डी म्हणून स्थिरावत होती आणि नवी विद्या इटलीत जन्माला येत होती. ती नवी विद्या कुर्ल्यात यायला आणखी तीन दशकं लागली. मधल्या काळात परवाना-राज होतं. कुठली गाडी बनवायची, वर्षाला किती बनवायच्या, सुटे भाग मागवायला परकीय चलन किती मिळेल, सगळं दिल्लीत ठरायचं. गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायचं. अशा बाजारात मॉडेल बदलण्याची घाई कुणाला असणार? १९८५ साली प्रीमियरने नवी गाडी आणली तीही ११८ एनई, म्हणजे फियाटच्या १९६६ सालच्या १२४ चा साचा आणि आत निस्सानचं इंजिन. चाकं पुन्हा मागचीच.

गोरेगाव: पुढचं चाक

भारतात पुढच्या चाकांची गाडी मारुतीने आणली असं बऱ्याच जणांना वाटतं. मोटारींपुरतं बोलायचं तर मोठ्या संख्येने ती मारुतीनेच रस्त्यावर आणली. पण मुंबईच्या रस्त्यांवर पुढचं चाक त्याच्या पंचवीस वर्षं आधीपासून गाडी ओढत होतं. ते माल वाहत होतं म्हणून आपलं लक्ष गेलं नाही.

हॅम्बुर्गजवळच्या हारबुर्गमध्ये ‘विडाल अँड झोन’ नावाची कंपनी होती. तिच्या गाड्यांचं नाव टेम्पो. १९२८ च्या सुमारास जर्मनीत २०० सीसीपर्यंतच्या तीनचाकी गाड्यांना कर आणि परवान्यातून सूट मिळाली आणि छोट्या दुकानदारांसाठी तीनचाकी मालगाड्यांचा बाजार तयार झाला. टेम्पोवाल्यांची युक्ती साधी होती. पुढे एकच चाक, त्याच्यावर छोटं टू-स्ट्रोक इंजिन, आणि साखळीने तेच चाक फिरवायचं. मागची दोन चाकं नुसती वजन झेलायला. मागे शाफ्ट नाही, डिफरन्शियल नाही. त्यामुळे माल ठेवायचा हौदा खाली, सपाट आणि स्वस्त.

नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली आणि याच कंपनीशी करार करून गोरेगावात तीनचाकी हॅन्सीट बनवायला सुरुवात केली. १९६० च्या दशकात कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला. गोरेगावातलं वास्तव्य थोड्या वर्षांचं, पण हारबुर्गच्या कारखान्याचं नाव मराठीत कायमचं राहिलं. आज आपण घर बदलताना ‘टेम्पो’ बोलावतो तेव्हा तो टाटाचा असतो, महिंद्राचा असतो, कुणाचाही असतो. पुढे याच कंपनीची मॅटाडोर आली. तीही जर्मन वंशाची आणि पुढच्याच चाकांची. लग्नाच्या वऱ्हाडापासून दुधाच्या कॅनपर्यंत तिने सगळं वाहिलं आणि तिचं नावही खेडोपाडी गाडीचा प्रकार म्हणूनच रुळलं.

पुढच्या चाकाची ही युक्ती जिथे कमी पडायची ती जागाही पाहू. समजा रिकामा टेम्पो ६५० किलोचा आहे आणि हौद्यात ७५० किलो माल. एकूण १४०० किलो. माल मागे असल्यामुळे पुढच्या चाकावर ४०० किलोच उरले असं धरू. दहात एक चढावर त्यातलेही चाळीसेक किलो मागे सरकतात. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकाची पकड उरते १४४ किलो. चढायला लागतात १४० किलो. हिशेब अगदी काठावर येतो. डांबरावर थोडी माती असेल, टायर गुळगुळीत असेल, तर पुढचं चाक पावसात नुसतं फिरत राहणार. घाटकोपरच्या असल्फ्याची किंवा विक्रोळीच्या पार्कसाइटची चढण कशी आहे हे तिकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. बर्फातल्या गाडीवर जी वेळ येते ती मुंबईत कुणावर येणार असेल तर ती भरलेल्या टेम्पोवर. तिथे वाळूच्या पोत्याचा उपयोगही नाही, कारण पोतं ठेवायची जागा मागेच आहे. माल कमी करायचा, किंवा पुढच्या बाजूला सरकवून भरायचा, एवढंच हातात राहतं.

उपनगरातली दुसरी तीनचाकी म्हणजे रिक्षा. वांद्रे आणि शीव ओलांडून दक्षिणेकडे तिला परवानगी नाही, म्हणून ती खास उपनगरांची. तिचं गणित टेम्पोच्या बरोबर उलटं आहे. पुढचं चाक फक्त वळवायला, चालतात ती मागची दोन. आजच्या रिक्षांत इंजिनही मागे आणि माणसंही मागे. तिघं बसले की वजन थेट चालणाऱ्या चाकांवर येतं. जितके प्रवासी तितकी पकड जास्त. असल्फ्याच्या चढावर भर पावसात रिक्षा कुरकुरत का होईना चढते ती यामुळे. वळणावर तिचं हलकं पुढचं चाक घसरतं किंवा ती कलंडते, ती तिची दुसरी बाजू.

कांदिवली: चारही चाकं

तिसरा कारखाना महिंद्रांचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीप जोडण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे कांदिवलीत मोठा कारखाना उभा राहिला. युद्धासाठी जन्मलेल्या या गाडीत एक जास्तीचा दांडा असतो. तो ओढला की पुढची चाकंही फिरू लागतात. मग सगळंच्या सगळं वजन पकडीच्या कामी येतं. पावसाळ्यातल्या शेतवाटेवर, चिखलात, जिथे गुणांक खूपच खाली जातो, तिथे ही सोय खरी उपयोगी.

पण महाराष्ट्रात जीपचा प्रसार झाला तो मुख्यतः वडाप म्हणून. तालुक्याच्या स्टँडवरून निघालेल्या जीपमध्ये पंधरा-वीस माणसं, टपावर गाठोडी, मागे फूटबोर्डवर आणखी दोघं. अशा धंद्यासाठी चारही चाकं फिरवणारा संच म्हणजे जास्तीची किंमत, जास्तीचं डिझेल आणि जास्तीची दुरुस्ती. म्हणून याच घराण्यातल्या अनेक गाड्या फक्त मागच्या चाकांवर विकल्या गेल्या. वीस माणसांचं वजन मागे असताना पकडीची चिंता कुणाला होती?

इथपर्यंत आलं की एक सूत्र दिसू लागतं. माणसं आणि माल मागे रचणाऱ्या गाडीला मागचं चाक मानवतं. गाडी छोटी, स्वस्त आणि आतून ऐसपैस हवी असेल तर पुढचं. मारुतीने हे एकाच छताखाली दाखवून दिलं. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन आडवं होतं आणि चाकं पुढची चालत. लगोलग आलेल्या व्हॅनमध्ये, म्हणजे पुढच्या ओम्नीमध्ये, त्याच घराण्यातलं इंजिन पुढच्या सीटखाली बसवलं आणि चाकं मागची फिरवली. शाळेची मुलं कोंबणारी आणि भाजीच्या जुड्या वाहणारी गाडी मागच्या चाकांची, आणि चौघांचं कुटुंब लोणावळ्याला नेणारी पुढच्या चाकांची. ओम्नीची वारसदार ईको आजही मागच्याच चाकांवर चालते.

पाणी तुंबलं की

आता पावसाकडे परत येऊ. मुंबईच्या पावसाची खरी परीक्षा चढावर होत नाही, ती सबवेत होते. अंधेरी सबवे, मिलन सबवे, मिठी नदीकाठचा कुर्ला. इथे प्रश्न घसरण्याचा नसतो, बुडण्याचा असतो. आणि पुढच्या-मागच्या चाकांचा फरक इथे आडवाटेने येतो.

पद्मिनीचं इंजिन उभं असल्यामुळे रेडिएटरचा पंखा इंजिनच्या तोंडाशी, पट्ट्याने फिरणारा. इंजिन चालू तोवर पंखा चालू. गाडी पाण्यात शिरली की हाच पंखा पाणी उचलून इंजिनवर फवारायचा. डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं की करंट बंद आणि गाडी बंद. म्हणून जाणते ड्रायव्हर पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा काढून ठेवत आणि डिस्ट्रिब्युटरला प्लॅस्टिकची पिशवी बांधत. आडव्या इंजिनला असा पट्ट्याचा पंखा लावता येत नाही, कारण इंजिनचं तोंड रेडिएटरकडे नसून चाकाकडे असतं. म्हणून पुढच्या चाकांच्या गाड्यांत विजेचा पंखा आला, गरज असेल तेव्हाच फिरणारा. पकडीशी काहीही संबंध नसलेला हा फायदा पुढच्या चाकांच्या रचनेने ओघात दिला. पण पद्मिनी थोडी उंच होती आणि मारुती बुटकी, त्यामुळे मारुतीच्या हवेच्या नळीपर्यंत पाणी लवकर पोचायचं. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने गेलं.

मागच्या चाकांच्या गाडीचं आणखी एक दुखणं पाण्यातून बाहेर आल्यावर कळायचं. चालून तापलेलं डिफरन्शियल एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. तेल दुधाळ होतं. चार दिवसांनी मागून घरघर ऐकू येते.

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा पडला नाही. तो उपनगरांचा पाऊस होता. बंद काचांच्या गाड्यांत अडकून त्या रात्री माणसं गेली. अशा पाण्यात चाकांचं काय होतं याचा हिशेबही वजनाचाच आहे. छोट्या गाडीच्या तळाचं क्षेत्रफळ तीन चौरस मीटर धरा. तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढलं की गाडीचं तीनशे किलो वजन पाणी उचलून धरतं. मारुती ८०० चं एकूण वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास. आणखी दहा-बारा सेंटिमीटर, की चारही चाकांवर जवळजवळ काहीच उरत नाही. चाक पुढचं असो वा मागचं, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्य. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून जो बुळबुळीत थर होतो तिथेही जीव वाचवतो तो ब्रेक, आणि ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात.

दुरुस्तीचा खर्च कुणाच्या खिशातून

हवामानाने निवड केली नाही. परवान्याने, किमतीने आणि मालाने केली. याखेरीज पद्मिनीला इतकी वर्षं टिकवणारं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे रस्त्याकडेचा मेकॅनिक.

पद्मिनीच्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना ‘क्रॉस’ असतात. खड्ड्यांनी ते झिजले की गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. गाडीखाली झोपून, पाना-हातोडीने, तासा-दोन तासांत तो बदलता येतो. पाटा तुटला तर लोहार दुसरा देतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या भागांच्या बाजारात यातलं काय मिळायचं नाही? टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने गाडी एक दिवस उभी राहणं म्हणजे एका दिवसाची कमाई बुडणं, आणि पद्मिनी सहसा एका दिवसापेक्षा जास्त उभी राहत नसे.

पुढच्या चाकांच्या गाडीत एकच चाक वळतंही आणि फिरतंही. त्यासाठी आत गोळ्यांचा बारीक कामाचा सांधा असतो आणि त्याच्यावर ग्रीस भरलेला रबरी बूट. हा बूट फाटला आणि मुंबईच्या पावसातला चिखल आत गेला, की काही आठवड्यांत वळताना ‘कट्-कट्-कट्’ ऐकू येऊ लागतं. मग सांधा हातोडीने सरळ होत नाही, सबंध बदलावा लागतो. दीड-दोनशे रुपयांचा रबर वेळेवर पाहिला नाही म्हणून हजारोंचा खर्च. गाडी आतून मोठी झाली, हलकी झाली, पेट्रोल कमी पिऊ लागली, हे सगळं खरं. पण दुरुस्तीची विद्या फुटपाथवरून उठून काउंटरच्या मागे गेली. या बदलाचा फायदा प्रवाशाला आधी मिळाला आणि त्याचं बिल ड्रायव्हरने आधी भरलं.

कुर्ल्याच्या कारखान्यातही शेवटी पुढचं चाक आलंच. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे फियाटची उनो बनू लागली, आणि नंतर पॅलिओ. जाकोसाची नवी विद्या तीस वर्षांनी त्याच्या जुन्या विद्येच्या छताखाली आली. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. पुढे फियाटही पुण्याजवळ रांजणगावला गेली. कुर्ला-विद्याविहार भागात आता प्रीमियर रोड हे रस्त्याचं नाव तेवढं आहे, आजूबाजूला उंच इमारती आहेत.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचं आयुष्य. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी अधिकृतपणे बाद झाली. त्या वेळी बरंच हळहळीचं लेखन झालं. डोक्यावरचं कॅरिअर, स्टिअरिंगला जोडलेला गिअर, मीटर खाली पाडल्याचा आवाज यांच्या आठवणी निघाल्या. ज्यांच्या हातात ती गाडी दुरुस्त करण्याची कला होती त्यांचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी लिहिलं नाही. क्रॉस बदलणारा मेकॅनिक पन्नाशीत लॅपटॉप जोडून कोड वाचायला कसा शिकणार?

गंमत अशी की मागचं चाक काही संपलेलं नाही. हॅन्सीटच्या जागी आलेला ‘छोटा हाथी’, म्हणजे २००५ चा टाटा एस, मागच्याच चाकांवर माल ओढतो. एकेकाळी कांदिवलीत जीप बनवणाऱ्या महिंद्रांनी २०२४ च्या अखेरीस आणलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या मोटारींची मोटर मागच्या आसावर आहे. बॅटरी तळाशी पसरल्यामुळे वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं, शाफ्ट लागत नाही, मधला उंचवटा लागत नाही, आणि चाक घसरू लागलं तर संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत जोर कमी करतो. पुढचं चाक ज्या कारणांसाठी जिंकलं होतं ती कारणंच तिथे उरलेली नाहीत.

कॅनडातल्या भाच्याने विचारलंच, तर त्याला सांगायला हरकत नाही की पुढच्या चाकांची घे आणि टायर चांगले घाल. तिथे बर्फ ठरवतो. इथे मुलुंड-घाटकोपरच्या रस्त्यावर गाडी घेणाऱ्याने वेगळे प्रश्न विचारावेत. मागे किती माणसं बसणार, किती माल भरणार, हवेची नळी जमिनीपासून किती उंचीवर आहे, आणि ती बिघडली तर आपल्या गल्लीत कोण दुरुस्त करणार. पद्मिनी चालवणाऱ्यांना या चारही प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ होती.